पिणे आणि पाजणे : लोकगीतांतील एका प्रतिमेचा अर्थनिर्णय

लोकगीतांत मद्यपानाचा उल्लेख आला, की त्याचा अर्थ लावण्याच्या दोन रीती मराठी अभ्यासात सामान्यतः आढळतात. पहिली रीत प्रतीकवादी आहे. तिच्या मते पेला, रस, धुंदी ही सारी बाह्य रूपे असून त्यांच्या आड भक्तीची तन्मयता, सुफलनाची आकांक्षा किंवा एखाद्या आदिम विधीचा अवशेष दडलेला असतो. दुसरी रीत दस्तऐवजी म्हणता येईल अशी आहे. तिच्या दृष्टीने गीत म्हणजे समाजस्थितीचा पुरावा. गीतात दारुडा नवरा आला, की त्या समाजातील व्यसनाधीनतेची नोंद मिळाली. या दोन्ही रीती परस्परविरोधी वाटल्या, तरी एका गृहीतकाबाबत त्यांचे एकमत आहे. प्रतिमेचा अर्थ पेयात आहे, हे ते गृहीतक होय. पेय कोणते आणि त्याचे परिणाम काय, एवढे कळले म्हणजे अर्थ हाती आला, असे दोन्ही पक्ष मानतात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की लोकगीतातील या प्रतिमेचा अर्थ पेयापेक्षा क्रियेत, आणि क्रियेपेक्षाही त्या क्रियेने जोडलेल्या माणसांच्या संबंधांत शोधावा लागतो.

याची पहिली साक्ष भाषाच देते. मराठीत 'पिणे' हे क्रियापद कर्माशिवाय वापरले, तर त्याचा अर्थ कर्त्यावरून ठरतो. 'मूल अजून पिते' म्हटले, की ते अंगावरचे दूध असते. 'तिचा नवरा पितो' म्हटले, की ती दारू असते. कर्म उच्चारावे लागत नाही, कारण कर्ता कळला की कर्म कळते. मराठी बोलणाऱ्याला हे इतके अंगवळणी पडलेले असते, की त्यातील गुंतागुंत त्याच्या ध्यानातही येत नाही. याच धातूचे प्रयोजक रूप 'पाजणे' अधिक बोलके आहे. आई मुलाला पाजते, यजमान पाहुण्याला पाजतो, मतलबी माणूस गरजू माणसाला पाजतो आणि विजेता पराभूताला पाणी पाजतो. वात्सल्य, आतिथ्य, कारस्थान आणि जय या चारही संबंधांना एकच क्रियापद पुरते. पण प्रत्येक ठिकाणी पाजणाऱ्याच्या हाती काही सत्ता असते आणि पिणाऱ्याकडे काही अवलंबन असते. हे व्याकरण लोकगीताने निर्माण केलेले नाही. मात्र ज्या भाषेत ते गीत गायले जाते, तिच्यात ते अगोदरच मुरलेले असते, आणि गीत त्याचा उपयोग करून घेते.

प्रतीकवादी रीतीचे मूळ कोठे आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. संतकाव्यातील ब्रह्मरस, प्रेमरस, नामामृत हे शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचे आहेत. त्यात विसाव्या शतकात फारसी काव्यसंकेताची भर पडली. एडवर्ड फिट्झजेराल्डचे उमर खय्यामच्या रुबायांचे इंग्रजी रूपांतर १८५९ मध्ये प्रसिद्ध झाले होते; फारसीचे व्यासंगी माधव जूलियन यांनी १९२९ मध्ये त्या रुबाया मराठीत आणल्या. मदिरा, पेला आणि साकी यांचा अर्थ लौकिक घ्यावा की पारलौकिक, हा वाद त्या काव्याभोवती प्रथमपासूनच आहे. परंतु तो वाद उभा राहू शकतो, याचे कारण असे, की तेथे मदिरा हा लिखित काव्यपरंपरेने घडवलेला संकेत आहे. वाचक पुस्तक उघडून बसलेला असताना त्याच्यासमोर पेला असण्याची गरज नसते. वस्तू अनुपस्थित असते, म्हणूनच तिला प्रतीक होण्याची मोकळीक मिळते. लिखित कवितेच्या वाचनातून अंगी बाणलेली ही सवय आपण नकळत लोकगीताकडे घेऊन जातो. तेथे मात्र परिस्थिती वेगळी असते. ज्या प्रसंगी गीत गायले जाते, त्या प्रसंगी पुष्कळदा ते पेय प्रत्यक्ष हजर असते. ते कोणीतरी ओतलेले असते आणि कोणाच्या तरी हाती द्यावयाचे असते.

ठाणे-पालघर परिसरातील वारली समाजाच्या लग्नविधीचे उदाहरण घेऊ. या विधीत धवलेरी ही विधिगीते गाणारी स्त्री असते. सवाष्णी भिंतीवर चौक लिहितात आणि त्यात पालघाट देवीची स्थापना होते. ताडी किंवा मोहाची दारू या प्रसंगाचा अविभाज्य भाग असते. पिण्यापूर्वी तिचे काही थेंब देवांच्या आणि पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सांडले जातात. म्हणजे पहिला पिणारा अदृश्य असतो आणि माणसांची पाळी त्याच्यानंतर येते. अशा प्रसंगीच्या गीतात दारूचा उल्लेख आला, तर तो धुंदीचे वर्णन म्हणून वाचणे चुकीचे ठरेल, आणि एखाद्या गूढ तत्त्वाचे प्रतीक म्हणून वाचणेही तितकेच चुकीचे ठरेल. तो उल्लेख प्रथमतः आमंत्रण असतो. कोणाला बोलावले, कोणाला आधी दिले, कोणाचे नाव राहून जाता कामा नये, याची ती उजळणी असते. गीतातील शब्द आणि हातातील द्रोण मिळून एकच कृती पूर्ण करतात. त्यांपैकी शब्द तेवढे कागदावर उतरले, तर कृतीचा अर्धाच भाग आपल्यापुढे येतो.

येथे 'मद्य' या आपल्या शब्दाविषयीही सावध असावयास हवे. ताड-शिंदीचा रस रात्रभर मडक्यात साठतो आणि उन्हाबरोबर आंबत जातो; सकाळची ताडी आणि दुपारची ताडी या एकाच झाडाच्या दोन वेगळ्या वस्तू होत. मोहाची फुले फाल्गुन-चैत्रात गळतात. ती वेचून वाळवतात, टंचाईच्या दिवसांत अन्न म्हणून खातात आणि भिजवून, आंबवून त्यांची दारूही गाळतात. मोहाचे नाव गीतात आले, की ते फूल आहे, अन्न आहे, वेचणीचा हंगाम आहे की दारू, हे प्रसंगावरून ठरते. समीक्षकाने त्या सर्वांवर 'मद्य' हा एकच संस्कृत शब्द ठेवला, की निषेधाची एक छटा त्याच्या विवेचनात न सांगता शिरते, आणि मग निषेध किंवा त्याची भरपाई म्हणून गौरव, एवढेच दोन मार्ग त्याच्यापुढे उरतात.

तथापि विधीच्या संदर्भापाशी थांबणे पुरेसे नाही. मानवशास्त्रीय वाचन विधीला काळाबाहेर ठेवते. जणू धवलेरी आज जे गाते तेच, त्याच अर्थाने, पाचशे वर्षे गायले जात आहे. इतिहास याला दुजोरा देत नाही. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू गाळण्याचा अधिकार घराघरांतून काढून परवान्याखाली आणि मक्त्याखाली नेला. झाडांवर कर बसला. १८९२ च्या कायद्याने मोहाची फुले बाळगण्यावर निर्बंध आणले. अंगणातल्या झाडाची ताडी घेणे हा गुन्हा ठरू लागला आणि तीच ताडी गुत्त्यावर पैसे मोजून, किंवा पैसे नसल्यास उधारीवर, घेणे कायदेशीर ठरले. उधारीतून कर्ज आणि कर्जातून जमीन जाणे, हा पुढचा क्रम या पट्ट्यात अनेकांनी अनुभवला. आपल्या विवेचनाच्या भाषेत सांगायचे, तर पेय बदलले नाही, पिणारा बदलला नाही, पाजणारा मात्र बदलला. देवाला आणि सोयऱ्याला पाजणारा यजमान मक्तेदाराचा ऋणको झाला.

या बदलाची जाणीव आदिवासींना होती, याचा मोठा पुरावा १९२२-२३ च्या देवी चळवळीत मिळतो. १९२२ मध्ये पालघरच्या किनारपट्टीतून निघालेली ही लाट त्या वर्षाच्या अखेरीस दक्षिण गुजरातेत पोहोचली. सलाबाई नावाची देवी माणसांच्या अंगात येई आणि त्यांच्या मुखाने आज्ञा करी : दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, दारूच्या मक्तेदारांवर बहिष्कार टाका. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या चळवळीचा तपशीलवार अभ्यास केला आहे. वरिष्ठ जातींचे अनुकरण एवढ्याच अंगाने तिचा उलगडा होत नाही, मक्तेदार-सावकारांच्या सत्तेला दिलेले ते आव्हान होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की देवतेला दारू वाहणाऱ्या समाजात देवतेनेच ती नाकारली. ज्या माध्यमातून पूर्वी देव पिण्यास येत असत, त्याच माध्यमातून तिने न पिण्याची आज्ञा दिली. अंगात येणे, बोलणे, ऐकणे हा सारा संकेतव्यवहार तसाच राहिला आणि पेयाचा अर्थ उलटला.

याचा अर्थनिर्णयावर होणारा परिणाम उघड आहे. १९२२ पूर्वीचे आणि नंतरचे एकाच शब्दांचे गीत एकाच अर्थाचे असेल, असे आपण धरून चालू शकत नाही. देवी येऊन गेल्यावर कालांतराने पुष्कळ गावांत पिणे पुन्हा सुरू झाले. पण पुन्हा सुरू झालेले पिणे पूर्वीचेच राहिले, असे कसे म्हणावे? एकदा नाकारता येते हे कळल्यानंतर केलेला स्वीकार हा निवडीने केलेला असतो. तिसऱ्या पिढीतील गायिका पूर्वजांच्या नावाने थेंब सांडण्याचे शब्द गाते, तेव्हा त्यात मक्तेदाराने हिरावलेले यजमानपण परत घेण्याचा भावही असू शकेल. असेलच, असे शब्दांवरून सिद्ध करता येणार नाही. परंतु 'आदिम अवशेष' असा शिक्का मारताक्षणी हा प्रश्न विचारण्याची शक्यताच संपते, आणि प्रतीकवादी वाचनाने होणारी खरी हानी ती आहे.

आता जात्यावरच्या ओवीकडे वळू. कारण तेथे दस्तऐवजी वाचनाची कसोटी लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी उभ्या केलेल्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. गाणाऱ्या स्त्रीच्या आणि तिच्या गावाच्या नोंदींसह केलेले हे संकलन मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासाला मिळालेले मोठे धन आहे. अशा संग्रहांत व्यसनी नवऱ्याविषयीच्या ओव्या भेटतात. वारली लग्नविधीत गाणारी आणि पिणारे एका अंगणात असतात. ओवीत मात्र गाणारी स्त्री पिणारी नसते. पिणे तिच्या गाण्याबाहेर, घराबाहेर, पुष्कळदा तिच्या नजरेआडही घडलेले असते. ती पाहते ते त्यानंतरचे : येणे, न येणे, रिकामा कणगा, गहाण पडलेला दागिना. दळणाची वेळ पहाटेची असते, आणि रात्री पिऊन आलेला माणूस त्या वेळी निजलेला असतो. त्याची झोप आणि तिचे श्रम एकाच छपराखाली, एकाच वेळी चाललेले असतात. ओवीतील मद्यपानाची प्रतिमा या दोहोंमधील अंतरातून उभी राहते.

दस्तऐवजी वाचन ही ओवी घेऊन व्यसनाधीनतेचा पुरावा म्हणून मांडते. त्यात तथ्य नाही, असे नाही. महाराष्ट्रात पुढे स्त्रियांच्या मतदानाने गावातील दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद झाली, 'उभी बाटली' आणि 'आडवी बाटली' ही चिन्हे मतपत्रिकेवर आली, आणि ओवीतील गाऱ्हाण्याला एक सार्वजनिक रूप मिळाले. तेव्हा ओवीत वास्तव आहे, हे कोण नाकारील? पण ओवी हे प्रथम दुसऱ्या कोणाला तरी उद्देशून केलेले बोलणे आहे, आणि अर्थ त्या संबोधनात असतो. हीच तक्रार आईला उद्देशून केली, तर तिचा रोख नवऱ्यावरून सरकून लेक देणाऱ्यांवर जातो. 'दिली' हे क्रियापद 'पितो'पेक्षा जड होते. भावाला उद्देशून केली, तर ती माहेरच्या आधाराची चाचपणी होते. जात्याला उद्देशून केली, तर ऐकणारा देव आहे आणि तो कोणाला सांगणार नाही, अशी निश्चिंती तिच्यात येते. चौकटीतले शब्द तेच राहतात, पण आरोप, विनवणी आणि मन मोकळे करणे या तीन निरनिराळ्या उक्तिकृती होतात.

शिवाय ओवीचा ठरीव साचा गाणारीला संरक्षणही देतो. 'ही माझी गोष्ट नव्हे, ओवीच अशी आहे' असे म्हणण्याची सोय त्यात असते. सासू पलीकडच्या खोलीत असताना जे बोलता येत नाही, ते साच्याच्या आडून गाता येते. म्हणून ओव्यांची संख्या मोजून व्यसनाचे प्रमाण काढणे जितके भाबडे, तितकेच साचा आहे म्हणून त्यात अनुभव नाही असे म्हणणेही भाबडे. शेजारच्या ओवीत हीच स्त्री मुलाला पाजत असते. एकाच घरात ती पाजणारी आणि तो पिणारा. एका पिण्याने घर वाढते आणि दुसऱ्याने खचते. ही तुलना गायिकेने प्रत्येक वेळी जाणून केली असेल असे नव्हे; पण तिच्या भाषेने तिच्यासाठी ती तयार ठेवलेली असते. ओव्यांची विषयवार विभागणी करताना 'बाळ' हा एक गट आणि 'व्यसन' हा दुसरा गट पाडला, की ही शेजारभेट तुटते. साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'पासून आपल्याकडे ओव्या नात्यांच्या आणि विषयांच्या शीर्षकांखाली लावण्याचा प्रघात आहे. वाचकाला त्याने मोठी सोय झाली, हे खरे. मात्र अशी मांडणी करणे हेही एक अर्थनिर्णयनच असते, याची जाणीव आपण ठेवलेली नाही.

पेयाकडून क्रियेकडे लक्ष वळवल्याने काय साधते, हे तिसऱ्या उदाहरणात सर्वांत स्पष्ट दिसेल. आणि तेथे पेय मद्य नसून पाणी आहे, हे मुद्द्याला उपकारकच आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी पाणी प्याले. मुंबई विधिमंडळातील १९२३ च्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ते तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केलाच होता. कागदावरचा हक्क प्रत्यक्षात आला तो त्या ओंजळीने. त्यानंतर स्पृश्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. पुढे न्यायालयीन लढा चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. बाबासाहेबांविषयीच्या ओव्यांनी आणि भीमगीतांनी ही घटना आपलीशी केली.

या गीतांतील पाण्याचा अर्थ प्रतिमांच्या कोशात पाहून लावावयाचा ठरवला, तर 'पाणी : पावित्र्य, शुद्धी, जीवन' असे उत्तर मिळेल. पण पावित्र्याच्या नावाने तर तळ्यात घागरी रित्या झाल्या होत्या! म्हणजे कोशातील अर्थ घागरी ओतणाऱ्यांचा आहे, आणि गीत गाणाऱ्यांवर तो लादणे हा निव्वळ अन्याय आहे. येथेही उत्तर क्रियापदाकडे मागावे. अस्पृश्याला पाणी हवे असे, तेव्हा ते दुसऱ्याने उंचावरून त्याच्या ओंजळीत ओतावे लागे. शाळेत शिपाई नसला, की पाणी नाही, असा अनुभव बाबासाहेबांनी स्वतःच्या बालपणाविषयी लिहून ठेवला आहे. त्या व्यवस्थेत अस्पृश्य 'पीत' नसे. त्याला 'पाजले' जात असे. चवदार तळ्यावर पाजणारा नाहीसा झाला. पिणारा आपल्या हाताने, आपल्या इच्छेने प्याला. महाडविषयीच्या गीतात पिण्याचा उल्लेख येतो, तेव्हा प्रयोजक क्रियापदातून सुटलेल्या कर्त्याचा तो उच्चार असतो. मक्तेदाराच्या पाजण्याखाली गेलेला वारली यजमान आणि पाजणाऱ्याविना प्यालेला महाडचा सत्याग्रही यांच्या पेयांत काहीच साम्य नाही, तरी त्यांच्याविषयीची गीते एकमेकांशेजारी ठेवून वाचता येतात, ती या क्रियेच्या बळावर.

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की लोकगीतांत प्रतीकात्मक पेयेही आहेतच; वारकरी स्त्रीच्या ओवीत नामाचा रस येतो, त्याचे काय? तो रस रूपकच आहे, यात शंका नाही. परंतु तो रूपक आहे हे आपल्याला कशावरून कळते? पाजणारा विठ्ठल किंवा संत आहे, पिणारी स्वतः गाणारी आहे आणि प्रसंग वारीचा किंवा एकादशीचा आहे, यावरून. म्हणजे रूपकाचा निर्णयही संबंधांवरूनच होतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. समीक्षक कायदे, चळवळी आणि निकाल बाहेरून आणून गीतावर लादतो, असे म्हणता येईल. हा धोका खरा आहे, आणि म्हणूनच बाहेरच्या माहितीला गीतात शिरण्याचे दार गीतानेच दाखवले पाहिजे. क्रियापद प्रयोजक आहे काय, देणाऱ्याचे नाव आले आहे काय, संबोधन कोणाला आहे, पहिला घोट कोणाचा, या खुणा संहितेत असतील, तर त्यांच्या आधारे इतिहासाकडे जावे. त्या नसतील आणि प्रसंगाचीही नोंद नसेल, तर अर्थ अनिर्णित ठेवावा. निर्णय न देणे हा अशा वेळी समीक्षेचा पराभव नसतो. छापील ओळींत नसलेला अर्थ त्यांच्याकडून वदवून घेणे मात्र खचित असतो. सुट्या ओळी उद्धृत करून त्यांवर भाष्य करण्याची वहिवाट या लेखात टाळली आहे, ती याच कारणाने.

पिठाच्या गिरण्या आल्या, आणि जाते घरोघरी अडगळीत गेले. आज ओवी गाणारी स्त्री बहुधा संकलकाच्या विनंतीवरून, ध्वनिमुद्रण यंत्रासमोर गाते. म्हणजे ओवीचा प्रसंग आता खुद्द संकलकच असतो आणि संबोधनातही तो शिरलेला असतो. अशा वेळी संकलकावर एक साधी जबाबदारी येते. गीताचा विषय 'मद्यपान' असा नोंदवून न थांबता त्याने पिणारा कोण, पाजणारा कोण, हे गाणे पूर्वी कोणासमोर गायले जाई आणि कोणासमोर गायले जात नसे, हे गाणारीला विचारून त्याच पानावर लिहून ठेवावे. ज्यांना हे सांगता येईल, अशा स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत.